पानाची लाली

३ फेब्रुवारी, निलंगा
आलो बाबा एकदाचा! उदगीरहून येताना यष्टीनं हाडं खिळखिळी केली, पण गुरुपादप्पांचं बी-बियाणांचं दुकान बघून जीव खूश झाला. हिशेबाचं काम माझ्याकडं, राहायला त्यांच्याच घराची माडी. आप्पा मोकळ्या मनाचे, आवाज मात्र असा की गिऱ्हाईक दचकावं. त्यांच्या घरच्या काकूंनी कडक भाकरी नि शेंगाची चटणी वाढली, वर लाजू नको म्हणून दम भरला. जेवल्यावर या घरात सगळ्यांना पान. मी नको म्हणालो तर आप्पा म्हणाले, रामलिंगा, लग्न ठरलेल्या गड्यानं पानाला न्हाई म्हणू नये.

रोज लिहायचं हे डॉक्टरांचं फर्मान. गेल्या महिन्यात मला रक्ताची उलटी झाली, लातूरला नेलं. लहानपणच्या काविळीनं लिव्हर वाळलंय म्हणे, त्यामुळं जठरातल्या शिरा फुगल्यात. तोंडातून दुर्बिणीची नळी घालून फुटलेल्या शिरेत गोंदासारखं औषध टोचलं. रक्तात मिसळलं की ते दगडासारखं घट्ट होतं. ती शीर बुजली, शेजारची राहिलीय. तिच्यासाठी वीस तारखेला परत बोलावलंय. तोवर पोट, शौच, चक्कर, सगळं लिहून ठेव, शौच काळं झालं तर आत रक्त वाहतंय समज म्हणाले. आज सगळं ठीक.

७ फेब्रुवारी
शिवकन्येचा फोन. मार्चमध्ये शिरूर अनंतपाळला आमचं लग्न. ती साड्यांचे रंग सांगत होती, मी हो हो करत होतो. तिला आजाराचं काहीच माहीत नाही. लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. आमच्या घराण्यात दारूचा थेंब नाही, पण सांगणार कुणाकुणाला? आई म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. मलाही पटलं. ही पोरगी हातची गेली तर मी कुठलाच राहणार नाही.

१२ फेब्रुवारी
दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. काकूंना लाल दात दिसले. मी बेधडक थाप मारली, पान खाल्लं. लई हसल्या. आता थाप निभवायची तर पान खाणं आलंच. आप्पा खूश, गडी सुधारला म्हणून. एका परीनं बरंच झालं. लाल थुंकलं तरी कुणी विचारत नाही.

१६ फेब्रुवारी
पान लई रंगलं, बायको जीव लावणार, म्हणून काकूंनी चेष्टा केली. हसलो. मग बेसिनपाशी बघत उभा राहिलो. यात कात किती नि रक्त किती? मलाच कळेना. पाणी सोडलं.
शौच काळसर. कारळाच्या चटणीनं असेल.

१९ फेब्रुवारी
उद्या लातूरला जायचं होतं, पण उद्याच शिवकन्येचे वडील दुकान बघायला येणार. नाही कसं म्हणू? डॉक्टरांना फोन केला, लग्नानंतर येतो म्हणालो. लई चिडले. शीर मुहूर्त बघून फुटत नसते म्हणाले. मी फोन ठेवला.

२१ फेब्रुवारी
पाव्हणे खूश होऊन गेले. शौच डांबरासारखं. कारळाची चटणी कधीच बंद केलीय. जिन्यात अंधारी आली, कठडा धरला. आरशात तोंड पांढरंफटक. पान खाल्लं की जरा बरं दिसतं. खाल्लं.

२२ फेब्रुवारी
भीती वाटते. सरळच लिहितो, मरायची भीती वाटते. पोटात ऊन ऊन काहीतरी हलतं— की मलाच वाटतं? गिळतो. परत गिळतो. आप्पांना सांगावं का— नको. तिच्या घरी कळेल— पण मग—

२३ फेब्रुवारी, सकाळ
सांगितलं. आधी शिवकन्येलाच. वाटलं, संपलं. मग अशी कडाडली— येडा हायस का, लग्न कुठं पळून चाललंय, आधी लातूर गाठ. मीबी निघालेच, दवाखान्यातच भेटते म्हणाली. लहान पोरासारखा रडलो. बळंच भ्यालो हिला!
आप्पा गाडी काढायला धावले. काकू खाली पिशवी भरतायत. गाडी येईस्तोवर लिहीत बसलोय.
हॉर्न वाजला. उठतो—
तोंड भरून आलं. ऊन. आज पान न्हाई खाल्लं— पान न्हाई—
गिळलं. परत—
काकू—
तिला सांगा, मी निघालो होतो, मी