खांद्याचे दोन दोरे

॥ श्री ॥
जामबाग, हैदराबाद
१२ एप्रिल १९५०

चि. बाळकृष्ण यास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शेजारच्या कुसुमताईंनी पदराखाली झाकून आणून दिलं. आता निजामचं तिकीट गेलं, सगळीकडं एकच तिकीट चालतं, म्हणून पत्र लवकर आलं म्हणतात. अक्षर बघून वाटलं, पहिलीतल्या पोरानं लिहिलंय. मग कळलं, उजवा हात झोळीत म्हणून डाव्यानं लिहिलंस. माझंही अक्षर असंच, तेव्हा लाजू नकोस.

तुझ्या बाबांना कळवलंस की जिन्यावरून पडलो, आणि मला खरं लिहिलंस. मी दिगंबरला काही बोलले नाही. पण आधी माझ्या शंका फेड. वाल्टेरला तू नकाशे काढायला गेलास, मग हे फळीवर उभं राहून लाटेवरून येणं कुणी शिकवलं? लाट खालून निघून गेली की माणूस कशावर उभा राहतो? पाणी खरंच खारट असतं, की लोक म्हणतात म्हणून तुम्ही म्हणता? मी समुद्र पाहिला नाही. उभं राहिलेलं पाणी एकदाच पाहिलं, मुशी नदीला पूर आला तेव्हा. अफझलगंजाच्या बाजूनं लोकांची दारं-खिडक्या वाहत चालल्या होत्या. त्या दिवसापासून मी हुसेनसागराच्या बांधावरसुद्धा मधूनच चालते, कडेनं नाही.

आता औषध. माझाही खांदा असाच निखळला तेव्हा धूलपेठच्या पहिलवानानं बसवला होता. तो म्हणाला होता, अम्मा, खांदा जिद्दी असतो, त्याला दामटायचं नक्को, हल्लू हल्लू फुसलवायचं. झोळी निघाली की रोज भिंतीसमोर उभा राहा आणि बोटं मुंगीसारखी वर चालव. जिथं थांबतील तिथं कोळशाची रेघ. जमिनीपासून रेघेपर्यंत पांढरा दोरा मापून तोड. चांगल्या हाताचा तसाच लाल दोरा. दर खेपेला दोन्ही पाकिटात घालून धाड. दोन्ही सारखे होईपर्यंत समुद्रात पाय घालायचा नाही. घातलास तर मी दिगंबरला सगळं सांगेन, आणि तो तुला घरी आणून कचेरीत चिकटवेल, हे तुला ठाऊक आहे.

तिळाचं तेल कोमट करून लाव. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

॥ श्री ॥
वाल्टेर
३ मे १९५०

ती. आजीस बाळकृष्णाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि अप्पलस्वामीला तेलुगूत सांगितलं. हा इथला कोळी, माझा लाटेतला गुरू. जुन्या होडीच्या लाकडातून फळी त्यानंच तासून दिली. तो म्हणाला, तुझ्या आजीला आमच्या वस्तीत आणून बसव, निम्म्या माणसांचे खांदे दुखतात.

तुझ्या शंका. पाणी खारट आहे, मी भरपूर प्यायलो आहे. लाट निघून गेली की माणूस कशावरही उभा राहत नाही, पडतो. फळीवर पालथं पडून दोन्ही हातांनी पाणी मागं सारत आत जायचं, लाट पाठीशी आली की झटकन उभं राहायचं. म्हणजे उभं राहणं घटकाभराचं, बाकी सगळं काम खांद्याचं. हाच खांदा दोनदा निखळला. पट्टी धरून सरळ रेघ ओढतानाही आता हात थरथरतो, आणि साहेब माझ्या नकाशाकडं चष्मा वर करून बघतात.

सोबत दोन दोरे. पांढरा एक वीत आणि चार बोटं कमी भरला. हसू नकोस. बाबांना कळू देऊ नकोस, आणि मला विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझा बाळकृष्ण

॥ श्री ॥
जामबाग
९ जून १९५०

चि. बाळकृष्ण यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईनं लिंबाचं लोणचं घातलं, बरणी उन्हात आहे. कुसुमताईंच्या मालतीला आबिड्सच्या दुकानातून नवी चप्पल आणली, एक चावते, एक नाही. असो.

काल तुझे दोरे आले. दोन्ही अगदी सारखे! मी आनंदानं सूनबाईला हाक मारणार होते. मग सहज मागच्या खेपेचा लाल दोरा पेटीतून काढला आणि शेजारी धरला. नवा लाल चार बोटं लांब! अरे, पांढरा वाढला ते समजले, पण चांगला हात कसा वाढला? तेविसाव्या वर्षी माणूस महिन्यात चार बोटं उंच होतो? टाचा उचलल्यास तू. पांढऱ्यासाठी उचलल्यास, आणि लाल मापलाच नाहीस, पांढऱ्याच्या लांबीचा तोडलास. लबाडा, मी जन्मभर दोऱ्यानं चोळ्या बेतल्या आहेत. मला दोऱ्यात फसवतोस?

मी रागावले नाही. रागावायला तोंड नाही. तुला अर्धीच गोष्ट सांगितली होती. माझा खांदा बसला, पण सासूबाईंना दाखवायला मी वीस दिवसांतच शिंक्यावरचा तुपाचा डबा उतरवायला गेले. पुन्हा निखळला. तो मग कधी धड झालाच नाही. माझा अंबाडा रोज तुझी आई का घालते, हे तू कधी विचारलं नाहीस. हात डोक्यामागं जातच नाही, बाळा.

आता खरं लिही. गेलास का पाण्यात?

आशीर्वाद आहेतच, खोटं बोललास तरी आहेत.

तुझी आजी

॥ श्री ॥
वाल्टेर
१७ जून १९५०

ती. आजीस सा. न. वि. वि.

गेलो होतो. दोरे टपालात टाकले त्याच दिवशी. आत जाईपर्यंत छान वाटलं. परत फिरताना एक लाट अंगावर फुटली आणि हात खांद्यातून गेला. एका हातानं फळी सरळ जात नाही आजी, गोल फिरते. मी गोल फिरत होतो आणि किनारा कधी समोर, कधी पाठीमागं. अप्पलस्वामी पोहत आला आणि फळीसकट ओढून नेलं.

डॉक्टर म्हणाले, ही तिसरी वेळ. चौथ्यांदा गेला तर फळी सोडाच, पट्टीसुद्धा धरता येणार नाही. तुझ्या अंबाड्याचं वाचलं आणि फळी अप्पलस्वामीच्या घरी ठेवून आलो.

पहिल्यापासून सुरू करतो. टाचा जमिनीला. सोबतचा पांढरा दोरा बघ, कमरेच्या जरा वर. मला ओरड, पण पत्र लवकर धाड.

तुझा बाळकृष्ण

॥ श्री ॥
वाल्टेर
२४ नोव्हेंबर १९५०

चि. दिगंबर यास आईचे आशीर्वाद. वि. वि.

सिंहाचलमला देवाचं दर्शन झालं, त्यासाठीच आले असं तुला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पुरं नव्हतं. तुझा मुलगा जिन्यावरून पडला नव्हता. तो फळीवर उभा राहून समुद्राच्या लाटांवरून येतो, त्यात त्याचा खांदा तीनदा निखळला, आणि हे मला एप्रिलपासून माहीत आहे. आधी माझ्यावर ओरडून घे, मग पुढं वाच.

चार महिने त्यानं भिंतीवर बोटं चालवली. दर आठवड्याला दोरे येत. कधी एक बोट वाढे, कधी काहीच नाही. दसऱ्याला दोन्ही सारखे आले. या खेपेला लाल जुन्याइतकाच होता, मी ताणून पाहिला.

आज सकाळी मी वाळूत बसले. समुद्र केवढा म्हणून सांगू? आणि गप्प बसत नाही रे! पाणी येतं, परत जातं, पुन्हा तेच येतं की दुसरं? अप्पलस्वामीला विचारलं, तर तो म्हणाला, अम्मा, हे मलाही ठाऊक नाही. बाळकृष्ण आत गेला तेव्हा मी वाळू मुठीत धरली. मग लाट आली आणि तिच्यावर आपला पोरगा उभा! अंगणात उभा असावा तसा. मी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. कोळणी माझ्याकडं बघून हसत होत्या. पुन्हा एकदा तसाच आला.

तिसऱ्यांदा मोठी लाट उठली, आधीच्या दोन्हींच्या दीडपट. अप्पलस्वामी किनाऱ्यावरून ओरडला की हीच घे. बाळकृष्णानं हात पाण्यात घातले. मग त्यानं हात बाहेर काढले, फळीवर उठून बसला आणि लाट खालून जाऊ दिली. ती किनाऱ्यावर येऊन फुकट फुटली. तो हल्लू हल्लू बाहेर आला. मी विचारलं, का रे सोडलीस, तर म्हणाला, खांदा दमला होता आजी, लाटा उद्याही आहेत.

तो उभा राहिला हे नवल खरंच. पण त्यानं ती सोडली, म्हणून मी हे पत्र लिहायला बसले. त्याला कचेरीत बसवायला बोलावू नकोस. आता तो स्वतःला सांभाळील.

माझ्यावर रागावलास तरी जीव लाव.

तुझी आई

ता. क. मी घोट्यापर्यंत पाण्यात गेले. खारट आहे. उद्या गुडघ्यापर्यंत जाणार आहे, आणखी आठवडाभर राहीन, तेव्हा गुरुवारी मला घ्यायला स्टेशनवर येऊ नकोस.