गप्प बसण्याचं प्रशिक्षण

सेवलिएवो, रविवार

ती. रायनाताईस, धाकट्या रादकोचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? आणि त्या बोकडानं कुंपण पुन्हा मोडलं का? (मोडलं असेल तर मी आधीच बजावलं होतं. पण ते असो. मी हल्ली सल्ले देत नाही. का देत नाही, तेच सांगायला बसलोय.)

झालं असं, की आमच्या शाळेत एक नवा उपक्रम आला. आठवीत नव्यानं आलेलं एखादं पोर एकटं पडलं, कोणी त्याला छळलं, तर त्यानं अकरावीच्या मुलांशी मन मोकळं करायचं. त्या मोठ्या मुलांना तयार करायला आधी एका मास्तरला तयार करायचं. आमच्या मुख्याध्यापिका विहराबाईंनी माझं नाव धाडलं. मी छाती फुगवून कारण विचारलं, तर म्हणतात कशा, "शाळेत सगळ्यात जास्त तुम्ही बोलता. तुम्हाला गप्प बसणं जमलं तर ते कोणालाही जमेल."

मग निघालो तर्नोवोला. (बसमध्ये शेजारच्या बाईंना मधुमेहावर तीन उपाय सांगितले. तोवर प्रशिक्षण सुरू झालं नव्हतं.) तिथं शिकवायला रालित्सा नावाची मुलगी, कालपरवा कॉलेजातून बाहेर पडल्यासारखी. तिनं पहिलाच नियम सांगितला: समोरचा आपलं दुखणं सांगेल, तुम्ही फक्त ऐकायचं. सल्ला नाही, "आमच्या वेळी" नाही, "त्यात काय एवढं" तर मुळीच नाही. मला वाटलं, मग शिक्षकांनी करायचं काय?

माझा जोडीदार म्लादेन, गाब्रोवोचा कसरतीचा मास्तर, दाराएवढा माणूस. त्यानं सांगायला सुरुवात केली, की वडील म्हातारे झाले तरी रोज छपरावर चढून कौलं बसवतात, ऐकत नाहीत. ताई, मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती. तरी तोंडातून निघालंच, "अहो, शिडी लपवा!" रालित्सा म्हणाली, "सर, हा सल्ला झाला." मी म्हटलं, बरं, प्रश्न करतो, "शिडी लपवली तर बरं नाही का?" सगळा वर्ग हसला. दुसऱ्या फेरीत मी ओठ असे आवळले, की म्लादेननं मला पाणी आणून दिलं. पण मग तो आपणहून बोलत गेला. छप्पर गळतच नाही म्हणे. वरून आईच्या माहेरचा डोंगर दिसतो, आई गेल्यापासून वडील तिथं जाऊन बसतात. आणि मी शिडी लपवायला निघालो होतो! तेव्हापासून मला एक विलक्षण कुतूहल वाटतंय: आपण गप्प राहिलो की माणसांमधून आणखी काय काय बाहेर पडत असेल?

परत आल्यावर मदतनीस निवडायचे होते. मी माझ्या मनात हुशार मुलं ठरवून ठेवली होती, पण नियम असा, की कोणापाशी बोलाल ते मुलांनाच विचारायचं. बहुतेकांनी नाव घेतलं झोर्नित्साचं. तीच, सूर्यफुलाच्या बिया फोडत रसायनशास्त्र ऐकणारी, जिला मी दर आठवड्याला वर्गाबाहेर काढतो!

तिच्याकडे पहिला आला ल्युबेन, आठवीतला. डब्याच्या सुट्टीत स्वच्छतागृहात लपून बसायचा, शाळा सोडतो म्हणत होता. घरच्यांनी त्याचा दाखला काढायची तयारीही केली होती. जीवशास्त्राच्या खोलीत ती दोघं पुढं, देखरेखीला मी मागं. पोरगा बोलेना. झोर्नित्सा आपली बिया फोडतेय, अधूनमधून मूठ त्याच्यापुढं करतेय. तिलाही काही घाई दिसेना. मला मात्र घाम फुटला. शेवटी माझ्या तोंडून निसटलं, "बाळ, रोज सकाळी थंड पाण्यानं—"

झोर्नित्सानं मागं वळून पाहिलं. "सर, तुम्ही जरा बाहेर बसा."

बसलो. आणि खोटं कशाला बोलू, कान दाराला लावला. आत पुटपुट सुरू झाली होती! शब्द कळेना म्हणून आणखी वाकलो, तेवढ्यात मागून विहराबाई, "रादको सर, तुम्हाला कोणी काढलं?"

ती दोघं खोलीतून बाहेर आल्यावर मी झोर्नित्साला नाना तऱ्हेनं विचारलं. ती म्हणाली, "धोक्याचं असतं तर पहिलं तुम्हाला सांगितलं असतं. तसं नाहीये. बाकीचं त्याचं त्याच्यापाशी." ल्युबेन आता मुलांत बसून बानित्सा खातो, चिजाचे तुकडे शर्टावर सांडतो, दाखल्याचा विषय कोणी काढत नाही. म्हणजे सगळं उत्तम झालं. फक्त मला कळलं नाही कसं.

भाऊजींना नमस्कार, बोकडाला दम.

तुझा,
रादको

ता. क. ल्युबेन आपल्याच गावचा, तुझ्या शेजारच्या स्तोयांका आजीचा नातू. तू सहज मिरच्या द्यायला म्हणून कुंपणापाशी गेलीस आणि सहज विषय निघाला, तर पोराचं काय बिनसलं होतं तेवढं कळव.

ता. क. २. आमच्या हिनं, एल्कानं, खांद्यावरून वाचलं. म्हणते, "तुम्ही प्रशिक्षण घेतलं की नुसतं जेवून आलात?" तेव्हा स्तोयांका आजीला काही विचारू नकोस. मिरच्या मात्र दे.

ता. क. ३. खरं म्हणजे पत्र याच्यासाठी होतं. आमची बिल्याना सोफिया शहरातलं शिक्षण अर्ध्यावर टाकून घरी आलीय. महिनाभर मी तिला रोज एक नवा मार्ग सुचवला, ती रोज उठून खोलीत गेली. काल ती भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलत होती, मी शेजारी बसलो आणि सोलू लागलो. काहीच बोललो नाही. बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाली, "बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?" मी म्हटलं, "बरंय." मग ती बोलायला लागली. सगळ्या मिरच्या संपल्या तरी बोलत होती.

तू चार दिवस राहायला ये, तिला तुझी आठवण येते. ती काय म्हणाली ते मात्र मला विचारू नकोस, मी सांगणार नाही.