उलट दाखवणारी काच

तात्या,

परवा पुण्याला एका हॉलमध्ये माझे फोटो लावले होते. माळावरची हरणं, लांडगे, तळ्यावरचे पक्षी, आणि शेवटच्या भिंतीवर तुमचं रानडुक्कर. एक मुलगी त्या डुकरापुढून हलेना. हा कोणत्या लेन्सनं काढला, असं तिनं मला विचारलं. मी सांगितलं की हा माझा नाही, माझ्या वडिलांचा आहे, आणि कॅमेरा म्हणाल तर दोन भिंगांचा, लग्नाचे फोटो काढायचा. तिचा विश्वास बसला नाही. मग हल्ली सगळेच विचारतात तेच तिनंही विचारलं, की नजर मोठी की कॅमेरा. मी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटका करून घेतली. घरी आल्यापासून मात्र तुमच्याशी भांडायचं मनात आहे. तुम्ही होतात तेव्हा ते कधी जमलं नाही, कारण तुमचा हात तोंडाच्या आधी चालायचा.

राहुरीचं आपलं दुकान आठवतं. पुढं पडदा आणि खुर्ची, मागं डार्करूम, आणि मधल्या बोळात मी, लोकांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या नवरीमुलींचे ओठ रंगवत बसलेली. मॅट्रिक झाल्यावर तुम्ही मला त्या कामाला बसवलंत आणि वर्षभरानं कॅमेऱ्याला हात लावू दिलात. घोडेगावच्या बाजारात दोन बैल सुटून एकमेकांवर गेले, ते मी एका बैलगाडीवर चढून टिपले होते. शिंगात शिंग, उडालेली माती, सगळं आलं होतं. मला वाटलं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही फोटो बघितला आणि अशी थोबाडीत दिलीत की संध्याकाळपर्यंत कान वाजत होता. "गाडीवर चढून काढलास न्हाई हा? तुलाच भ्या वाटलं न्हाई, तर बघनाऱ्याला कुठनं वाटंल?" एवढं बोलून तुम्ही तो फोटो मोरीत टाकलात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी एक कोरा रोल ठेवलेला होता. तो चहा मी रडत प्यायले. राग कशाचा करावा, मारल्याचा की रोलचा, हेच मला कळत नव्हतं.

साखर कारखान्यातले इंजिनिअर साहेब रविवारी दुकानात यायचे, ते याच सुमाराला. त्यांच्याकडं परदेशातून आणलेला कॅमेरा होता आणि हाताच्या कोपराएवढी लांब लेन्स. तिच्यातून बघितलं की पलीकडच्या देवळाच्या कळसावरचा कावळा खिडकीत येऊन बसल्यासारखा दिसायचा. मी त्या लेन्सच्या प्रेमातच पडले होते, आणि खरं सांगायचं तर आपल्या डब्याची मला लाज वाटायची. आपल्या कॅमेऱ्यात मान खाली घालून पोटाशी काचेत बघायचं, आणि काच डावीकडचं उजवीकडं दाखवणार. साहेब तुम्हाला म्हणायचे की ही लेन्स एकदा वापरून तर बघा. तुम्ही ती हातात घेऊन फिरवून बघायचात आणि परत द्यायचात. "साहेब, ह्यानं जनावर आपल्याजवळ येतंय. आपन न्हाई जात त्याच्याजवळ."

ते दुष्काळाचं साल होतं. माळ जळून गेलेले, ओढे कोरडे, आणि मुळा नदीच्या पाटाकाठचा थोडा ऊस तेवढा हिरवा उरलेला. साऱ्या रानातली जनावरं त्या उसात शिरली होती. तोडणी चारी बाजूंनी आत सरकत गेली, तशी तीही आत सरकत गेली. शेवटच्या चार सऱ्या उरतात तेव्हा त्यात किती जीव कोंबलेले असतात ते बाहेरून कळत नाही. गावातले गडी काठ्या, कोयते, कुत्री घेऊन कडेनं उभे राहतात. तुम्हाला नेमकं तेच हवं होतं. सकाळी कॅमेऱ्याचं फोकसचं चाक मी लावून दिलं, तुम्ही उभे होतात तिथपासून उसाच्या कडेपर्यंतच्या अंतरावर. मग मी मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून, आपली लांब लेन्स घेऊन आलेल्या साहेबांजवळ गेले. तुम्ही बघितलंत आणि उसाकडं वळलात.

आधी ससे निघाले. ते काठ्यांखाली तिथंच संपले. मग एक कोल्हा निघाला, त्याला कुत्र्यांनी दोन बाजूंनी धरून ताणला. साहेबांनी तोंड फिरवलं, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि ते ट्रॉलीच्या पलीकडं उतरले. आता लेन्स माझ्या डोळ्याला आहे आणि ऊस आतून हलतोय. डुक्कर निघतं ते थेट बाहेर. पहिलं कुत्रं वर उडतं आणि खाली पडतं तेव्हा त्याची आतडी पाचटात पसरलेली आहेत. गडी कोयते टाकून पळतायत, 'सरका, सरका' असा नुसता गलका आहे. मी लेन्स तुमच्यावर आणते. तुम्ही इतके जवळ दिसताय की कपाळावरचा घाम दिसतोय. मान खाली, डोळे काचेत. आणि तुमचा अंगठा चाक फिरवतोय. जनावर जसजसं जवळ येतंय तसतसं, शांतपणे, न थांबता.

सुळ्यानं तुमची मांडी कमरेपर्यंत उसवली. गड्यांनी परत येऊन डुकराला इतकं तोडलं की त्याचं डोकं ओळखू येईना. साहेबांच्या जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि जखमेवर बांधलेली दोन धोतरं भिजून गेली होती. विळद घाटाच्या अलीकडं तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "रोल उजेडात काढू नको." नगर यायच्या आत तुम्ही गेलात. आईचं नाव घेतलं नाहीत, माझंही नाही. इतकी वर्षं झाली, पण त्या एका वाक्यासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

आईनं विचारलं, असं कसं झालं, शहाण्यासुरत्या माणसाला बाजूला होता आलं नाही का? मी तिला सांगितलं की त्या कॅमेऱ्याची काच उलट दाखवते. डुक्कर उजवीकडून आलं, काचेत ते डावीकडं दिसलं, आणि तात्या चुकून त्याच्याच अंगावर सरकले. आई उठली, स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि दगडी उंबऱ्यावर ठेवून कॅमेरा ठेचला. भिंगांचा चुरा झाला तरी ती थांबेना. मी तिला अडवलं नाही. फक्त आधी रोल काढून घेतला होता, आणि चाकावरचा आकडा बघितला होता. ते पार शेवटपर्यंत, अगदी जवळच्या अंतरावर फिरलेलं होतं.

तेराव्याला हार घालायला तुमचा फोटो शोधला, तर अख्ख्या राहुरीचे फोटो काढणाऱ्या माणसाचा एकही फोटो दुकानात नव्हता. त्या रोलवर कुणी तुमचा काढला असेल, या आशेनं मी डार्करूममध्ये शिरले. लाल दिव्याखाली कागदावर पहिल्यांदा सुळा वर आला, मग डोळा. डुक्कर बरोबर मधोमध होतं, तात्या. समोरून, नाकाच्या सरळ रेषेत येणाऱ्याला काचेतही डावं-उजवं नसतं. तुम्ही चुकला नव्हतात. तुम्हाला बाजूला व्हायचंच नव्हतं. आई त्या कॅमेऱ्याला मरेपर्यंत शिव्या देत राहिली आणि मी देऊ दिल्या, कारण कॅमेरा निर्दोष ठरला असता तर तिला तुमचा राग करावा लागला असता. तो मी एकटीनं केला. आम्हा दोघींना सोडून तुम्ही एक डुक्कर निवडलंत, असं मी मनात तुम्हाला हजारदा म्हटलं आहे. नंतर साहेबांसारख्या लांब लेन्सा मी घेतल्या, त्यांनीच नाव झालं, आणि कुठल्याही जनावराच्या मी कधी इतकी जवळ गेले नाही. ते मी मुद्दाम केलं, तुमच्यावरच्या रागानं.

हे कुठं पाठवायचं नाही म्हणूनच लिहिता येतंय. त्या मुलीला मी नीट उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर तुमच्याबद्दल नव्हतंच. ट्रॉलीवर मला तुमचा अंगठा दिसला तेव्हा डुक्कर अजून बरंच लांब होतं. तुम्हाला सरकायला वेळ होता. त्या गलक्यातही माझी हाक तुम्ही ओळखली असती आणि मान वर केली असती. हाक घशापर्यंत आली होती. मी मारली नाही. तुमचा हात हलेल आणि फोटो बिघडेल, असं मला वाटलं.