पुस्तकातलं ‘आपण’

१२ जानेवारी, सोमवार

वॉशिंग मशीन गेलं. वॉचमनच्या मेहुण्याने टेम्पो आणला होता. हे गेटपर्यंत पोचवायला गेले, वर आले आणि म्हणाले, "चला, आपण मोकळे झालो." कोण मोकळं झालं ते बादलीला विचारा. आधी मायक्रोवेव्ह गेला, मग टीव्ही. दिवाळीनंतर कामवाल्या सुनीताला कामावरून कमी केलं, कारण आपली कामं आपण करायची. यांनी कंपनी सोडल्याला दोन वर्षं होतील. धुणं मी. भांडी मी. हे गॅलरीत पुस्तक घेऊन.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

वड्यांचा पाक पुढे गेला. दगड झाले.

चहानंतर वाचन. तेच ते तळ्याकाठचं पुस्तक. कुणी एक जुना अमेरिकन माणूस, गावाबाहेर तळ्याकाठी स्वतः झोपडी बांधून राहिला, कमीत कमी गरजांत. माझं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरतं, म्हणून हे वाचता वाचताच मराठी करून सांगतात. आपण तळ्यावर जातो, आपण शेंगा लावतो, आपल्याला काय लागतं असं कितीसं. लग्नानंतर पहिल्या वर्षी याच गॅलरीत ऐकलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. माहेरी मला धरून कुणी कधी काही बोललंच नव्हतं. एकतीस वर्षं झाली त्याला. आज मध्येच झोप लागली.

२५ जानेवारी, रविवार

यांनी राहायला म्हणून घेतलेला प्लॉट पाहिला एकदाचा. लोणी काळभोरच्या पुढे अर्धा तास, शेवटी चालत. पत्र्याची एक खोली. संडास आहे, दार नाही. आणि यांचं तळं म्हणजे पाझर तलाव. मध्यभागी थोडं पाणी, बाकी चिखल.

शेजारच्या शेतातली बाई आली. यांनी पाण्याचं विचारलं. "आता व्हय? शिमग्यापत्तुर हाय. मंग चिखल. मंग त्यो बी नाय." हे म्हणाले, किती शांतता आहे हो तुमच्याकडे. तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमी बी ऱ्हानार का हितं?"

मी तोंड उघडलं होतं. यांनीच सांगितलं, हो, आम्ही दोघंही.

३१ जानेवारी, शनिवार

ठरलंय म्हणे. हा फ्लॅट पाच वर्षांसाठी भाड्याने, आयटीतली तीन मुलं येणार. मार्चमध्ये आपण तिकडे. फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणून करार नोंदवायला यंत्रावर माझाही अंगठा लागतो. तेवढ्यापुरती मी लागते.

माझं शिलाई मशीन कुठे ठेवायचं, विचारलं. "तिथे ब्लाऊज कोण शिवून घेणारे? आणि आपण कपडेच चार ठेवणार."

बावीस वर्षं शिवतेय. या सोसायटीतल्या प्रत्येक बाईच्या खांद्याचं माप मला तोंडपाठ आहे. दुपारी येतात, मापं देता देता सासू, सून, गुडघे, सगळं काढतात, मी टाचण्या ओठांत धरून ऐकते. तेवढाच माझा दिवस आहे. तो गेला तर मी त्या पत्र्याखाली मरेन. हे बोलून दाखवायला हवं होतं. भाजीवाल्याला दहा प्रश्न विचारते मी, आणि यांच्यापुढे...

७ फेब्रुवारी, शनिवार

शमीम कुर्त्याचं माप द्यायला आली. समोरच्या बिल्डिंगमधली, शाळेत इंग्रजी शिकवते, माझी एवढीच एक मैत्रीण. हे बाहेर गेले होते. पुस्तक टीपॉयवर. तिने चाळायला घेतलं.

"वसुधा, यात बायको कुठंय गं? एकटाच होता की हा माणूस."

मी म्हटलं, असं कसं, सगळीकडे आपण आपण आहे. तिने पान माझ्यापुढे धरलं. "आपण कुठलं? बघ ना. आय, आय, आय." ते अक्षर मलाही येतं. पानभर नुसत्या उभ्या काठ्या.

मग तीच उत्सुकतेने शोधत बसली. दोन वर्षं राहिला आणि परत आला म्हणे. शिवण, धुणं बहुतेक बाहेरूनच करून घ्यायचा, तेही लिहिलंय त्याने. शमीम हसत सुटली. मीही हसले. ती गेल्यावर कुर्त्याची बाही उलटी जोडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

८ फेब्रुवारी, रविवार

विचारलं. "अहो, पुस्तकात आपण नाहीच आहे. सगळं मी आहे."

हे जरा गोंधळले. मग म्हणाले, "अगं, मराठीत तसंच बरं वाटतं. आणि नवीन लग्न होतं, तुला परकं वाटायला नको म्हणून करायचो तसं. तुला किती आवडायचं."

खोटं बोलत नव्हते. तेच तर. फसवलं असतं तर भांडता आलं असतं. त्या माणसाच्या झोपडीत एकट्यापुरती जागा होती, यांनी प्रेमाने मला आत घेतलं आणि मी एकतीस वर्षं तिथे भांडी घासतेय. आता कुणावर रागवू?

जेवले नाही. पित्त झालं सांगितलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कराराचा एजंट आला लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन. यांचा अंगठा पहिल्या झटक्यात. माझा येईना. पुसून, फुंकर मारून, ओला करून. सहा वेळा. डावा लावला. तोही नाही. स्क्रीनवर नुसता करडा डाग.

"काकू, ठसेच राहिले नाहीत तुमचे. हाताने धुणीभांडी करता का?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे लॅपटॉपकडे.

"दोन-तीन दिवस हात पाण्यात घालू नका, क्रीम लावा, येतील रेघा. गुरुवारी येतो अकराला."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

यांनी धुणं केलं! पदरात काय पडेल सांगता येत नाही. सकाळी क्रीमची बाटली आणून माझ्यापुढे ठेवली. "तू अजिबात हात लावू नकोस." भांडी पण. चादर पिळताना कमरेत उसण भरली, तरी थांबले नाहीत. माझे हात मांडीवर. माझं घर माझ्या हातून काढून घ्यायचं म्हणून माझ्या हातांची एवढी काळजी. दुपारी बायका आल्या, त्यांना मजा वाटली. "नशीबवान आहेस हो!" एकीने तर मोबाइलवर फोटो काढला.

मी बाथरूममध्ये नळ सोडून बोलून पाहिलं. अहो, मला नाही यायचं. चार शब्द आहेत. नळ चालू असताना येतात.

१८ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना बोलायची तयारी केली होती. यांनी आमटी वाढली, स्वतः केलेली, तळाला लागलेली. "कशी झालीय?" मी म्हटलं, छान. 

आता चार वाजलेत. गॅलरीच्या उन्हात अंगठा धरून पाहिला. रेघा वर यायला लागल्यात, बारीक, बाळाच्या असतात तशा. उद्या अकराला तो येणार.

आमटीची करपलेली कढई सिंकमध्ये आहे. यांच्या कमरेने आता जमत नाही, उद्या घासतो म्हणाले आणि आडवे झाले. सोड्याचा डबा आणि तारेची घासणी तिथेच. तासभर घासली तर अंगठा परत गुळगुळीत होईल. पण किती दिवस? तो पुन्हा येईल, हे पुन्हा क्रीम आणतील. चार शब्दांनी मिटेल. ते येत नाहीत, आणि कढई मात्र मला कुठल्याही अंधारात घासता येईल. या वयात या दोहोंतून निवडायची वेळ आलीय माझ्यावर.

हे आतून विचारतायत, "क्रीम लावलंस का गं?"

अजून उत्तर दिलेलं नाही.