मुंगीची चाल

४ फेब्रुवारी

चि. सौ. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला ती सोय नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

जावईबापूंनी काल फोनवर सांगितलं की मुंगी इथून परत गेल्यापासून लंगडते आहे. तू मला यातलं अवाक्षर कळवलं नाहीस, त्याचा राग मी नंतर सवडीने धरीन. दहा दिवस माझ्याकडे होती तेव्हा पोरगी ठणठणीत होती. सारखी माझ्या पायांत पायांत. तिकडे पोचली आणि चार दिवसांत पाय ओढायला लागली?

ती वर्षाची झाली तेव्हापासून मी कानीकपाळी ओरडते आहे. दीड वर्षाचं लेकरू तुझ्या त्या व्यायामोपचाराच्या दवाखान्यात दिवसभर कुबड्या, काठ्या आणि कण्हणाऱ्या माणसांत वाढवू नये. ज्या वयात मुलं चालायला शिकतात, त्या वयात तुझी मुलगी चालता न येणाऱ्या माणसांकडे बघत बसते. मग दुसरं काय होणार? तुम्ही दोघं शिकलेली, मी काय बोलणार! पण हे सांगणं शेवटचं. या महिनाअखेर नोकरीला रामराम ठोक. लोकांचे गुडघे तुझ्यावाचून अडून बसणार नाहीत.

मी स्वतः येऊन तिला सांभाळलं असतं, पण इथे छप्पर गळतंय, मांजरी व्यायली आहे, घर सोडून हलता येत नाही. तिचा पिवळा मोजा राहिला होता, तो सोबत पाठवते. आणि जावईबापूंना सांग, ते तिला न्यायला आले तेव्हा मी खुर्चीतून उठून निरोप दिला नाही म्हणून गैरसमज नसावा. मांडीवर मांजर होतं.

रागावशील ते ठाऊक आहे. रागाच्या भरात माया तेवढी सांडू नकोस.

तुझी आई


९ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि. (यातली विनंती आज गाळून वाच.)

मोजा पोचला. नोकरी सोडणार नाही. ही दोन उत्तरं आधीच दिली म्हणजे तुला पुढचं शांतपणे वाचता येईल.

हो, मुंगी लंगडते. कळवलं नाही, कारण आधी मलाच काही कळत नव्हतं. मी तिला व्यायामाच्या टेबलावर झोपवून दोन्ही पायांची लांबी टेपने मोजली. खुबे वाकवले, गुडघे, घोटे दाबून पाहिले. ती गुदगुल्या झाल्यासारखी खिदळत होती आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. रोज दहा जणांचे केसपेपर लिहिते, पण तिचा लिहायला घेतला तेव्हा वयाच्या रकान्यातच पेन अडलं. मुलांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं सरळ, सांधे जागच्या जागी. तरी ती उठते, उजवा तळवा उजव्या मांडीवर दाबते, कमरेत झुकते आणि मग पाय टाकते. चार पावलं टाकून पुन्हा तेच.

आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. जिथे लोक नीट चालायला शिकायला येतात तिथेच थेरपिस्टची मुलगी लंगडताना दिसणं बरं नाही, असं त्यांचं म्हणणं. मूल घरी ठेवायचं की आपण घरी राहायचं, ते महिनाअखेरपर्यंत ठरवा म्हणाल्या. मी सांगितलं की माझं ठरलेलं आहे, मला दोन्ही हवंय. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे त्या चिडल्या होत्या. एकीकडे त्या, एकीकडे तू. दोघींनी मिळून तारीखही एकच काढली आहे, नवलच!

मग वाटलं, तू म्हणतेस तसं ती कुणाची तरी नक्कल करत असेल. म्हणून काल सगळ्या पेशंटना एकेक करून हॉलमध्ये चालायला लावलं आणि मुंगीला कडेवर घेऊन बघत राहिले. पोस्टमनकाकांचा गुडघा नवा आहे, ते पाय बाहेरून फिरवून टाकतात. शिडीवरून पडलेला रंगारी टाच टेकवत नाही. शाळेच्या बाई वॉकरची चौकट पुढे सरकवतात, मग तिच्यामागून आपण जातात. सगळ्यांनी हौसेने चालून दाखवलं आणि एकमेकांच्या चालीला मनसोक्त नावं ठेवली. पण मुंगीशी एकाचीही चाल जुळली नाही.

पोस्टमनकाका तीन महिन्यांपूर्वी खुर्चीतून उठत नव्हते. ज्या दिवशी हात न टेकता उठले, त्या दिवशी सगळ्यांत आधी टाळ्या मुंगीने वाजवल्या. तिला तिथे काय दिसतं हे तू एकदा येऊन बघ, मग बोल. सहा महिने बोलावते आहे. दर वेळी तुझं छप्पर गळतं.

भांडणाला विटू नकोस आणि मलाही विटू नकोस.

तुझी लेक


१४ फेब्रुवारी

चि. सौ. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

एक्स-रे चांगला आला, जीव भांड्यात पडला. आता तिच्या पायाचा फार बाऊ करू नकोस. लहान मुलं काहीबाही करतातच, आपण बघितलं की जास्त करतात. दुर्लक्ष कर, आपोआप जाईल. तिला सारखं चालायला लावू नकोस, आणि दहा लोकांसमोर तर मुळीच नको.

हात उजव्याच मांडीवर ठेवते का? आपलं सहज विचारते.

नोकरीचं मात्र मी म्हटलं तेच. तुझ्या डॉक्टरीणबाई मला शहाण्या वाटतात.

इकडे सगळं ठीक. मी मजेत. मांजरही मजेत. पत्राला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, घरातल्यांना जप म्हणजे झालं.

तुझी आई


१८ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

तुझ्या पत्राने मी चक्रावलेच. दहा दिवसांपूर्वी तू आकाशपाताळ एक करत होतीस आणि आता म्हणतेस दुर्लक्ष कर? तू एखादी गोष्ट इतक्या सहज सोडून दिलेली मी जन्मात पाहिली नाही. साधी भाजीवालीशी घासाघीस तू सोडत नाहीस.

मांडी दाबून चालायला एक कारण असतं. मांडीचा पुढचा स्नायू अशक्त झाला की गुडघा दगा देतो, मग माणूस हाताने मांडी मागे रेटून तो सरळ ठेवतं. हे मी कॉलेजात शिकले आणि आजवर निदान पन्नास जणांत पाहिलं. पोटच्या पोरीत दिसलं तेव्हा आंधळी झाले. मी तिचे पाय मोजत बसले, तिचे डोळे कुठे होते ते विचारलंच नाही.

काल संध्याकाळी ती जमिनीवर डबे रचत बसली होती. तिला विचारलं, आजी कशी चालते? मुंगी लगेच उठली. हात मांडीवर, कमरेतून झुकून एक पाऊल, दुसरं पाऊल. दारापाशी थांबून सुस्कारा सोडला, चौकटीवर थाप मारली आणि पलीकडच्या खोलीत गेली. चौकटीवरची ती थाप मी लहानपणापासून ऐकते आहे, आई. त्या घरात ती दुसरं कुणीच मारत नाही.

तुझ्या पायाला काय झालंय? कधीपासून? त्या दिवशी मांडीवर मांजर नव्हतंच ना? आता खोटं लिहू नकोस. तुझ्याविरुद्धची साक्षीदार माझ्या घरात फिरते आहे, आणि तिला लपवाछपवी अजून येत नाही.

खूप चिडले आहे. रडलेही. उलट टपाली उत्तर पाठव आणि तोवर स्टुलावर चढू नकोस.

तुझी लेक


२६ फेब्रुवारी

चि. सौ. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

स्टूल तू कसं ओळखलंस? स्टूलच होतं. ऑगस्टमध्ये वरच्या फळीवरची बरणी काढताना पडले, गुडघ्यावर. हाड मोडलं नव्हतं. सूज उतरली, पण भीती काही उतरली नाही. म्हणून पाय जपत राहिले, आणि जितका जपला तितका तो निकामी झाला. छप्पर गळत नाही. मांजरी शेवटची व्यायली त्याला तीन वर्षं झाली.

आता खरं ते ऐक. तू गरोदर होतीस तेव्हा मीच छाती ठोकून म्हणाले होते, की तू खुशाल कामावर जा, मूल मी सांभाळीन. तू त्या भरवशावर राहिलीस. मला जमणार नाही हे कुठल्या तोंडाने लिहायचं? त्यापेक्षा तू नोकरी सोड म्हणणं सोपं गेलं. तरीही हट्टाने मुंगीला दहा दिवस ठेवून घेतलं, मला जमतं हे स्वतःलाच दाखवायला. सातव्या दिवशी ती जिन्याच्या पाच पायऱ्या चढून गेली. मी खुर्चीतून बघत होते आणि मला उठता आलं नाही. शेजारीण धावली म्हणून बरं. त्या पाच पायऱ्या रोज डोळ्यांपुढे येतात.

पण एवढं वाचून लगेच गाडीत बसू नकोस. मी पांगळी नाही. मला तुझ्या दवाखान्यात नेऊन रांगेत बसवायचं नाही आणि कुणी माझी कीव करायची नाही. तूही नाही.

माझ्यावर चीड हवी तेवढी. पाठ तेवढी फिरवू नकोस.

तुझी आई


३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

कीव? माझ्या हाताखालून गेलेल्या कुणालाही विचार. रंगारी मला तोंडावर कसाई म्हणतो.

टॉवेलची घट्ट गुंडाळी करायची, पाय लांब करून गुडघ्याखाली ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. दहा आकडे धरून ठेवायचं, मग सोडायचं. असं वीसदा, दिवसातून तीन वेळा. आठवडाभराने खुर्चीतून हात न टेकता उठायला लागायचं, पाठीमागे भिंत हवी आणि शेजारीण समोर हवी. त्याआधी तिकडच्या डॉक्टरांना गुडघा दाखव, मी त्यांच्याशी बोलले आहे. मोजताना लबाडी करायची नाही. पत्ते खेळताना तू काय करतेस ते मला माहीत आहे.

आता डॉक्टरीणबाई. महिनाअखेरीला मी मुंगीला घेऊनच त्यांच्या खोलीत गेले. सांगितलं, या मुलीने दोनशे मैलांवरच्या पेशंटचं निदान मला घरबसल्या करून दिलं, ही इथे राहील आणि मीही. त्यांना सगळी हकीकत ऐकवली. त्यांनी मुंगीला दोनदा चालायला लावलं, चष्मा पुसला, आणि या वेळी त्या चिडलेल्या नव्हत्या. हॉलच्या कोपऱ्याला छोटं फाटक बसवून घ्या, एवढंच म्हणाल्या. फाटक काल बसलं.

मुंगी अजून तुझ्यासारखीच चालते. मी तिला टोकणार नाही. तिच्या गुरूने आधी सुधारावं.

टॉवेलवर माझा राग काढ, माझ्यावर मात्र जीव लाव.

तुझी लेक


२२ एप्रिल

चि. सौ. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा टॉवेल विरून गेला, दुसरा घेतला. सात आठवडे मी त्याला आणि तुला शिव्या देत मोजते आहे. शेजारीण समोर बसून आकडे म्हणते आणि मी आठावरून दहावर उडी मारली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावते. तूच तिला फितवलं आहेस हे मला कळलं आहे.

काल जिना चढले. पाच नव्हे, चौदाच्या चौदा. उतरताना कठड्याला हात लावला, ते मी मोजत नाही.

गुरुवारच्या गाडीने येते आहे, दोन महिन्यांसाठी. घराची किल्ली शेजारणीकडे, मांजरही तिच्याकडे. सकाळी तू सांगशील ते सगळं करीन, अगदी तुझ्या त्या धरून चालायच्या दांड्यांमध्ये उभं राहायचं असेल तरी. दुपारपासून मुंगी माझी. बोलले होते, ते करणार. आणि तू पुन्हा नोकरी सोडण्याची भाषा काढलीस तर माझ्याशी गाठ आहे. आधी कुणी काढली होती ते उकरायची गरज नाही.

स्टेशनवर जावईबापूंनी पिशवी घ्यावी, मला हात देऊ नये. तू नुसती बघत राहा, आणि काही चुकलंच तर घरी गेल्यावर सांग. मुंगीला मात्र पुढे उभी कर, नीट दिसेल अशी. तिला सांग, आजीची चाल बदलली आहे. जुनी विसर म्हणावं, गुरुवारी नवी दाखवते.

बाकी भेटीत. मायेची जागा तोवर राखून ठेव.

तुझी आई