काळ्या रश्श्याची दुसरी वाटी

ल्वूफ, संत कॅथरिनचा दिवस, १९२०

प्रिय कास्परदादा,

प्रभू येशूच्या नावाने नमस्कार. (तू तिकडे टोपी काढून "युगानुयुगे, आमेन" म्हणून घे. तोवर मी थांबतो.) तुझा गुडघा आता कसा आहे? थंडीत घंटेचा दोर ओढताना त्याला जपत जा. ओल्शानीच्या लोकांना घंटा थोडी उशिरा वाजली तरी चालेल, ते तसेही उशिराच येतात. रोझालियावहिनींचा खोकला मधाने थांबला का? आम्ही इकडे देवाच्या कृपेने बरे आहोत. तू मागच्या पत्रात शेवटी विचारलं आहेस की तू उन्हाळ्यात पाठवलेलं काळं बदक कसं आहे. तर संत मार्टिनच्या दिवशी सकाळी, सगळं ल्वूफ हंस भाजायच्या तयारीत असताना, मी विहिरीमागे जाऊन क्रूसाची खूण केली आणि तुझं बदक मारलं. रक्त वाडग्यात धरलं आणि गोठू नये म्हणून त्यात व्हिनेगर घातलं. रक्त धरलं हे वाचल्यावर तू खुर्चीत सरळ होऊन बसला असशील. होय दादा, काळा रस्साच. आमच्या पोरीला, नेल्काला, मागणी आली होती.

तुला तेक्लाआत्याची गोष्ट आठवत असेलच. तिला मागणी घालायला गिरणीवाला आला होता. आपल्या आजोबांनी तोंडाने 'नाही' असं काही म्हटलं नाही, फक्त त्याच्यापुढे बदकाच्या रक्ताच्या काळ्या रश्श्याची वाटी ठेवली. बिचाऱ्याने एक चमचा तोंडात घातला, चमचा खाली ठेवला, टोपी उचलली आणि निघून गेला. ना भांडण, ना रडारड, ना कुणाचा अपमान. आपल्या वाडवडिलांनी नकार देण्याची एवढी सभ्य रीत घालून दिली आहे याचा मला नेहमी अभिमान वाटत आला. मला काय माहीत, की ही रीत चालायला समोरच्या माणसानेही टोपी उचलावी लागते.

मागणी घालणारा माणूस म्हणजे लेफ्टनंट ऑरिन टॅकेट, अमेरिकन वैमानिक. ही माणसं इथे काय करतात असं तू मागेही विचारलं होतंस आणि तेव्हा मी नीट उत्तर दिलं नव्हतं, ते आता देतो. आपला देश दोन वर्षांचं मूल, आणि त्याची हवाई सेना म्हणजे पाळण्यातलं पोर. विमानं कुठून कुठून गोळा केलेली. एखादं इटलीचं, एखादं ऑस्ट्रियन पळून जाताना विसरून गेले ते. (इंजिन एकाचं, पंख दुसऱ्याचे आणि शेपूट कुणाचं ते देव जाणे.) जन्मभर बैलगाडीची चाकं केलेल्या माझ्यासारख्याला पंख दुरुस्त करायला बसवलं, यावरून काय ते ओळख. अशा विमानांत बसायला ही पोरं समुद्र ओलांडून आली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं युद्ध संपलं होतं, घरी जाऊन मका पेरायचा होता. पण त्यांचं म्हणणं असं, की आमच्या स्वातंत्र्यासाठी तुमचा कोश्चुश्को लढला, तर तुमच्यासाठी आम्ही का नको? मी शाळेत कोश्चुश्कोचा धडा पाठ केला होता, पण त्या धड्यातून कुणी उठून माझ्या कामाच्या बाकाशी येईल असं मला वाटलं नव्हतं.

या उन्हाळ्यात लाल सैन्याच्या घोडेस्वारांचे लोंढे ल्वूफवर चालून आले तेव्हा ही पोरं झाडांच्या शेंड्यांना चाकं घासत त्यांच्यावर झेपावत होती. संध्याकाळी विमानं यायची ती चाळणी होऊन. मी पंखांच्या लाकडी फासळ्या बदलायचो, नेल्का आणि शिवणखोलीतल्या बायका त्यांवर कापड शिवायच्या, आणि सकाळी तीच विमानं परत उडायची. एकदा टॅकेटच्या सीटच्या पाठीतून आरपार गेलेलं भोक मी लाकूड भरून बुजवलं. त्याला विचारलं की गोळी आली तेव्हा तू कुठे होतास? तो म्हणाला, बूट बांधायला वाकलो होतो. तेव्हापासून मी प्रत्येक पंखात, कापड शिवण्याआधी, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद मिळालेल्या विलोच्या डहाळीचा तुकडा ठेवतो. वजन वाढतं म्हणून आमचा मेकॅनिक हिलारी दुलेम्बा कुरकुरतो. टॅकेटला फाटक्या पंखात एकदा तो तुकडा सापडला. तो प्रोटेस्टंट, त्याच्यात असलं काही नाही. पण त्याने तो फुंकर मारून साफ केला, माझ्या बाकावर आणून ठेवला आणि खुणेने सांगितलं की परत आत घाल.

सगळेच परत आले नाहीत. मृतात्म्यांच्या दिवशी आम्ही कबरस्तानात गेलो, तर त्या परक्या पोरांच्या कबरींभोवती मेणबत्त्यांची एवढी दाटी की गुडघे टेकायला जागा मिळेना. आपली मेणबत्ती आधी आईवडिलांसाठी असते, पण त्या दिवशी ल्वूफच्या बायका पहिली मेणबत्ती त्यांना लावत होत्या. त्यांच्या आया येऊ शकत नाहीत, एवढंच एकमेकींना सांगत होत्या. टॅकेट टोपी हातात घेऊन उभा होता आणि नेल्का शेजारी उभी राहून वाऱ्याने विझलेल्या मेणबत्त्या पुन्हा पेटवत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता तू म्हणशील, माणूस एवढा चांगला, मग बदक का मारलंस? दादा, माणूस चांगलाच आहे. पण त्याचं गाव, कॅन्सास, किती लांब आहे ते मी आमच्या फादरांच्या नकाशावर पाहिलं. फादरांचं बोट ल्वूफवर होतं, माझं कॅन्सासवर, आणि मध्ये सगळं निळं. नेल्का आमची एकुलती एक. मी नेल्काच्या आईला, ब्रोनकाला, सांगितलं की तो प्रोटेस्टंट आहे म्हणून मी नाही म्हणतोय. ती म्हणाली, "हो का? मग तो नकाशा उशीखाली घेऊन का झोपलायस?" (नकाशा फादरांना परत केला आहे.)

तर संत मार्टिनच्याच दिवशी, गुरुवारी दुपारी टॅकेट आला. मध्यस्थ म्हणून सोबत दुलेम्बा, कारण तो शिकागोच्या खाटीकखान्यात काही वर्षं राबून आला आहे आणि त्याला त्यांची भाषा येते. रिवाजाप्रमाणे त्याने व्होडकाची बाटली आणली होती, आणि रिवाज सोडून ती दारातच उघडली होती. आम्ही बसलो. नेल्काने वाट्या आणल्या, तिचा चेहरा पिठासारखा. टॅकेटने वाटीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग ब्रोनकाकडे. चमचा उचलला, एक घोट घेतला. मी त्याच्या टोपीकडे बघत राहिलो. टोपी खुंटीवरच राहिली. त्याने वाटी संपवली, तळाचं वाळलेलं नासपती बोटाने काढून खाल्लं, आणि वाटी पुढे करून दुसरी मागितली.

दादा, त्या वेळी काय करायचं हे वाडवडिलांनी कुठेही सांगून ठेवलेलं नाही. ब्रोनकाने दुसरी वाटी भरली. (मला वाटतं, पहिलीपेक्षा जास्तच भरली.) जाताना त्याने तिच्या हाताचं चुंबन घेतलं आणि दुलेम्बाकडून सांगवलं की असं बदक त्याने जन्मात खाल्लं नव्हतं. बदकाचं कौतुक मी तुझ्यापर्यंत पोचवतो आहे.

मला वाटलं, परका आहे, त्याला कळलं नाही. मग आमची शेजारीण पारास्का मदतीला आली. ती रुथेनियन, तिच्या लोकांत नको असलेल्या मुलाला भोपळा देतात. तिने आपल्या परड्यातला सर्वांत मोठा भोपळा दिला, हे कुणाच्याही नजरेतून सुटायचं नाही असं म्हणत. दुसऱ्या दिवशी पहाटेच तो छातीशी धरून मी हँगरमध्ये नेला, टॅकेटच्या विमानाच्या सीटवर ठेवला आणि पेट्रोलच्या पिंपांमागे लपून बसलो. टॅकेट आला. भोपळा पाहिला. आणि दादा, कधीची हरवलेली बहीण भेटावी तसा त्याने त्याला कवटाळला. त्यांच्याकडे म्हणे याच महिन्यात भोपळ्याचा सण असतो आणि तो घरच्या आठवणीने व्याकूळ झाला होता. नव्या पंखांची चाचणी घ्यायची होती, म्हणून त्याने भोपळ्याला मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलं आणि उडाला. खाली मैदानात सगळे मेकॅनिक, आचारी, शिवणखोलीतल्या बायका डोळ्यांवर हात धरून बघत होत्या, की नकार मिळालेला नवरदेव आपल्या भोपळ्याला ल्वूफ दाखवतो आहे. आपल्या देशाच्या इतिहासात आकाशात गेलेला तो पहिला भोपळा असावा. संध्याकाळी त्याने मेसमध्ये त्याची गोड भाजलेली भाकरी केली आणि अर्धी आमच्या घरी आणून दिली. ब्रोनकाने खाल्ली. पारास्काने खाल्ली. मी चव बघण्यापुरती खाल्ली.

तेव्हा मी ठरवलं की आता तोंडाने सांगायचं. शनिवारी चर्चमधल्या मिस्सेहून थेट हँगरमध्ये गेलो, दुलेम्बाला बाही धरून आणलं आणि म्हटलं, या मुलाला सरळ सांग, की काळ्या रश्श्याचा अर्थ नकार होतो. दुलेम्बा मान खाजवू लागला. म्हणाला, "मिस्त्री, ते मी त्याला तुमच्या दारातच सांगितलं होतं. म्हटलं, वाटीत काळं दिसलं तर चमचा ठेव, टोपी घे आणि चल, बाटली आपण बाहेर संपवू."

मी टॅकेटकडे वळलो. विचारलं, मग का खाल्लंस? टॅकेट हात पुसत जवळ आला आणि सावकाश बोलला, दुलेम्बा एकेक वाक्य आपल्या भाषेत आणत होता. तो म्हणाला, "मी इकडे यायला निघालो तेव्हा माझी आईही नाही म्हणाली होती. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. गाडी सुटायच्या वेळी धावत स्टेशनवर आली, हातात लोकरीचे मोजे. वर थंडी असते ना, पाय गारठतात. म्हणून मला कुणी नाही म्हटलं, तर मी लगेच उठत नाही. जरा थांबतो."

दुलेम्बाने हे सांगून नाक शिंकरलं. (तो म्हणतो पेट्रोलमुळे.) मी टॅकेटच्या पायांकडे पाहिलं. बुटांतून वर्तमानपत्राचा कागद बाहेर आला होता. ते मोजे, दुलेम्बाने सांगितलं, त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या मित्राच्या पायांत होते, तो उन्हाळ्यात विमानासकट पडून मेला तेव्हा. त्याला मोज्यांसकट पुरलं.

मी म्हटलं, माझा नकार आहे. आणि घरी आलो.

तर दादा, अशी सगळी हकीकत. मी शांतपणे, प्रार्थना करून, सर्व बाजूंनी विचार केला आहे. त्या पोरांना माझ्या हृदयात कायमची जागा आहे, पण मुलगी ती मुलगी. माझा निर्णय ठाम आहे आणि तो तुला मोठा भाऊ म्हणून कळवावा एवढ्यासाठीच हे पत्र. मला तुझ्याकडून काहीही नको. हे लिहीत असताना ब्रोनका समोर बसून माझा राखाडी मफलर उसवते आहे. कशासाठी विचारलं, तर उत्तर देत नाही.

गुडघ्याला हंसाची चरबी लाव. लहानांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
विंत्सेंती

ता. क. वहिनींना सांग की त्यांनी विणलेला मफलर आता राहिला नाही, आणि जमलं तर राखाडी मेंढीची थोडी लोकर पाठवा. दोन जोड्या तरी व्हायला हव्यात, पुरुषाचं पाऊल मोठं आहे. मी ब्रोनकाला म्हटलं, माझा गळा उघडा राहील, त्याचं काय? ती सुया न थांबवता म्हणाली, "त्याच्या आईच्या अंगणातूनही समुद्र एवढाच रुंद होता. तिने पाठवला ना." मी दिवा तिच्याकडे सरकवला.

ता. क. दुसरा. लोकरीबरोबर आईची देवमातेची तसबीर नीट कापडात गुंडाळून आण. 'आण' असं लिहिलं, 'पाठव' नाही. ज्या तसबिरीसमोर आपल्याला लग्नाचा आशीर्वाद मिळाला, तिच्यासमोरच पोरीला मिळावा. येताना फादर अल्बिनना हळूच विचार, की प्रोटेस्टंट मुलाशी लग्नाची परवानगी बिशपांकडे कशी मागतात. त्यांनीच नेल्काचा बाप्तिस्मा केला आहे, तेव्हा त्यांनी रागावू नये. लग्न नाताळ होऊन गेल्यावर. दोन बदकंही आण, पांढरी, जिवंत. त्यांचं रक्त कुणी धरणार नाही, शब्द देतो.

ता. क. तिसरा. पत्र टपालात टाकायचं राहून गेलं, म्हणून आणखी एक लिहितो. मोजे काल पुरे झाले. आज सकाळी मिस्सा संपल्यावर मी ते कोटाच्या आत धरून हँगरमध्ये गेलो आणि टॅकेटच्या सीटवर ठेवले, जिथे भोपळा ठेवला होता तिथेच. मग पिंपांमागे गेलो नाही. विमानाशेजारी टोपी काढून, तो येईपर्यंत उभा राहिलो.