तानुबाईंची वॅगन

मखमलाबाद, नाशिक

तीर्थरूप पुंजामामांच्या पायांशी जीवनचा दंडवत (पाय येवल्यात आणि मी इथे, तेव्हा वाकणं लेखी समजावं). नवी कवळी आता बसली का? मागच्या खेपेला ती तुमच्याआधी बोलायला लागायची. मामींचं बीपी कसं आहे? त्यांना म्हणावं, लोणचं कमी करा, आणि कमी केलेलं इकडे पाठवा. आमचं ठीक आहे, म्हणजे छाया मजेत आहे आणि मी तिच्या मजेत आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. मामा, आमच्या घरात फोन धंद्याचा आहे आणि धंदा छायाचा आहे. तिच्यासमोर न बोलता येणारं असं काही असलं तर माणसाने पत्रच लिहावं.

सातपूरच्या कंपनीने मला स्वेच्छानिवृत्ती दिली (इच्छा त्यांची होती), तेव्हापासून मी मालगाडीच्या छोट्या वॅगन बनवतो हे तुम्ही जाणताच. मधल्या बोटाएवढी एक वॅगन. पुढे छायाची गुलाबाची नर्सरी, मागच्या शेडमध्ये माझी रेल्वे. नर्सरी पैसे मिळवते आणि रेल्वे ते खाते, असं छायाचं मत. मध्ये मी एका वॅगनला खालून ब्रेकचे दांडे बसवले, केसासारख्या तारेचे, पंधरवडा खपून. तिने विचारलं, "ही उलटी करून कोण बघणार?" म्हटलं, मी. ती म्हणाली, "मग तुम्हीच विकत घ्या." अशा वातावरणात कला वाढते आहे, मामा.

तर लासलगावचे कांद्याचे व्यापारी सहादूशेठ यांच्या ज्योत्स्नाचं लग्न ठरलं. नवरदेव रेल्वेत नोकरीला, म्हणून शेठच्या मनात आलं की पाहुण्यांना स्टीलच्या वाट्या देण्याऐवजी कांद्याची एकेक वॅगन द्यावी. छायाने फोनवरच होकार दिला आणि मला तहाच्या अटी वाचून दाखवल्या. वॅगन साच्यातून काढायची, दार नुसतं रंगवायचं, ब्रेक-बिक काही नाही. वेळेत झालं नाही तर शेड रिकामी करायची, तिथे रोपांचे ट्रे लागतील.

मी तोंडाने हो म्हणालो. पण साचा करायचा तर खरी वॅगन मोजायला नको का? म्हणून टेप आणि भिंग घेऊन लासलगावला गेलो आणि यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीखाली शिरलो (आत जायला परवानगी लागते हे मला ठाऊक होतं, पण परवानगी मागितली की ती नाकारतात). चाकापाशी उताणा पडून रिव्हेट मोजत असताना दोन बूट दिसले. सुरक्षेच्या जवानाने विचारलं, "काय चाललंय?" मी खरं ते सांगितलं. कुणीही विश्वास ठेवू नये असंच ते होतं. त्याने मला खोलीत बसवून घरी फोन लावला. छाया म्हणाली, "आमचेच आहेत. पण संध्याकाळपर्यंत राहू द्या तिकडेच, तेवढं काम उरकेल." जवान सज्जन, त्याने तिचा शब्द पाळला. परत येऊन पाहतो तो छायाने आणि नर्सरीत कलमं बांधणाऱ्या लंकाबाईंनी जुन्याच साच्यातून निम्मी ऑर्डर काढून वाळत घातलेली! उन्हात, कुरडयांसारखी.

माझा चेहरा पाहून छायाला थोडी दया आली असावी. म्हणाली, "नवरदेवासाठी एक करा तुमच्या मनासारखी. एकच." मामा, ती एक मी केली. दार खरोखर सरकायचं, आणि बंद केलं की फट शोधून सापडू नये. आत गोणपाटाची पोती, एक फाटलेलं, त्यातून सांडलेले खसखशीचे कांदे, गुलाबी रंगवलेले.

छायाने सगळ्या वॅगन एकसारख्या खोक्यांत भरल्या, माझ्या वॅगनच्या खोक्यावर टिकली लावली. टिकली वाटेत पडली. लग्नात नवरदेवाने खोकं उघडलं आणि 'दार सरकतं' असं मी सांगितल्यावर केवळ माझा मान राखण्यासाठी रंगवलेलं दार नखाने उघडत बसला बिचारा. नख मोडलं. मी मांडवात धावलो आणि पाहुण्यांच्या मांडीवरची खोकी उघडून बघू लागलो. एक गृहस्थ म्हणाले, "काका, दमा, सगळ्यांना मिळणारे." दुसऱ्याने आपलं खोकं सरळ खिशात घातलं. डोळे पुसत पुसत खोकी उघडत होतो हो, वराकडच्यांना वाटलं मी मुलीचा काका आहे.

शेवटी कूलरच्या मागे सापडल्या सहादूशेठच्या आत्या, तानुबाई. एका हातात माझी वॅगन, दुसऱ्या हाताचं बोट दातांवर. दार सरकवायचं, मिशेरी काढायची, दार बंद!

मी कसंबसं विचारलं, "आजी, आत कांदे होते ना?"

"कांदे व्हय? कचरा हाय म्हून झटकला म्या. पर डबी लय ग्वाड. कण सांडत नाय. आन् सुनंला वाटतंय म्हातारी गाडी खेळती."

मग माझ्याकडे निरखून म्हणाल्या, "त्यो निजलेला माणूस नाय फेकला. ऱ्हाऊ दे म्हनलं, राखनीला."

मामा, पोत्यांच्या मागे मी एक हमाल निजवला होता, तोंडावर टोपी घेतलेला. हे छायालाही ठाऊक नव्हतं. तानुबाईंनी तो पाहिला. मी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसलो आणि मुलीच्या काकासारखाच रडलो. तोवर कूलरमागे बायकांची रांग लागली. पंगत उठेपर्यंत छायाकडे सरकत्या दाराच्या डब्यांची एवढी मागणी आली की शेड माझ्याकडेच राहिली. नाशिक जिल्ह्यातल्या सासवांची मिशेरी यापुढे रेल्वेने जाणार!

मामींना नमस्कार.

आपला,
जीवन

ता.क. खरं काम असं. छाया दाराला तयार आहे, हमालाला नाही. म्हणते, मिशेरीत माणूस कशाला? ती फक्त गिऱ्हाइकाचं ऐकते. तेव्हा तुम्ही आवाज बदलून फोन करा आणि 'हमाल असेल तरच घेऊ' असं ठासून सांगा. कवळी काढलीत तर ओळखणार नाही.

ता.क. २. पत्र फाडून टाका. पोस्टात टाकायला छाया निघालीच आहे, तिच्याकडेच देतो.

ता.क. ३. मामा, नमस्कार. छाया. फोन कवळी लावूनच करा, नाहीतर पत्ता नीट कळत नाही. हमाल मिळेल, पण त्याचे पैसे वेगळे पडतील. यांना मात्र सांगू नका. फुकट रंगवतात तेव्हाच हात चांगला चालतो.